पंधरावी विंटरगाडर

१

ए, तू नुसतं ऐक. मधे तोंड घालू नकोस, नाहीतर मी हरवते. प्रश्न सगळे शेवटी.

तर मृतांच्या सणाची सकाळ. थंडी अशी की मेणबत्तीची ज्योतसुद्धा कुडकुडत होती. आमच्या स्टाइनवांडचं कब्रस्तान तू पाहिलेलं नाहीस. एका बाजूला डोंगराचा कडा, एका बाजूला तळं, आणि मधे ते चिमटीत धरल्यासारखं. विंटरगाडरांची बुर्गी तिच्या बाबांच्या थडग्यावर फर झाडाच्या फांद्या रचत होती. दिवस राहिलेले, वाकलं की मळमळायचं. पण हे तिनं नवऱ्याशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात हाडघराचं दार धाडकन उघडलं आणि त्यातून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. पळत. औषधाच्या डॉक्टर नव्हेत हं, आडनावांच्या. अडेलिंडे फ्रॉम. व्हिएन्नाहून आलेल्या, दुर्मिळ आडनावं कुठून आली आणि आता किती माणसं उरली, ते मोजायला. एरवी ही बाई चहाचा कपसुद्धा हळूच ठेवणारी, आणि आता चेहरा चुन्यासारखा.

बुर्गीला पाहिलं आणि ती थबकलीच. म्हणाली, "तुम्ही... तुम्ही बऱ्या आहात ना?"

"म्हणजे? का हो?"

"मी काल विंटरगाडरांच्या कवट्या मोजल्या. चौदा होत्या. आज फोटो काढायला पुन्हा मोजल्या." तिनं आत बोट दाखवलं. "पंधरा आहेत."

हाडघर म्हणजे काय ते सांगते. जागा एवढीशी, त्यामुळे पूर्वी काही वर्षांनी थडगं उकरून पुढच्याला द्यावं लागायचं. मग आधीच्याची कवटी काढायची, कित्येक आठवडे उन्हात-चांदण्यात ठेवायची, पांढरीशुभ्र झाली की कपाळावर नाव रंगवायचं, नावाभोवती पानाफुलांची माळ काढायची, आणि हाडघरात आपापल्या घराण्याच्या रांगेत मांडायची. शेकड्यांनी आहेत तिथे. आता ती चाल मोडली. विंटरगाडरांची शेवटची कवटी बुर्गीच्या पणजीची.

बुर्गी आत गेली. मागच्या रांगेत, पणजीच्या आड, भिंतीला टेकून ती होती. नवी कोरी. हिरव्या पानांची माळ, आणि कपाळावर काळ्या अक्षरांत नाव.

नोटबुर्गा विंटरगाडर.

बुर्गीचं पूर्ण नाव गं ते! आणि साल लिहायची जागा कोरी सोडलेली.

२

आता तू म्हणशील, एकाच नावाची दोन माणसं असतात की. ग्रूबर असती तर मीही म्हटलं असतं. आमच्याकडे डोळे मिटून दगड मारला तर तो कुठल्यातरी ग्रूबरला लागतो. पण विंटरगाडर? अख्ख्या जगात नऊ. नऊ माणसं! चार लिंत्सला, दोघी म्हाताऱ्या बहिणी इन्सब्रुकला, आणि तीन आमच्या गावात. बुर्गी, तिचा नवरा क्विरिन आणि कोर्बिनियान काका. त्या नऊ जणांत नोटबुर्गा एकच.

त्यात गेली तीन वर्षं काय झालेलं, दर शरद ऋतूत एक विंटरगाडर जात होता. एक म्हातारपणानं, एक हृदयविकारानं, एक बर्फावर गाडी घसरून. प्रत्येकाला कारण होतं. पण गाव कारणं ऐकतं का? बेकरीच्या रांगेत बायका कुजबुजायच्या, "त्या आडनावाला कुणीतरी मोजतंय." आणि आता ही कवटी. बुर्गी बेकरीत शिरली की रांग गप्प व्हायची. एका बाईनं तर हळूच छातीवर क्रूसाची खूण केली, तिच्याकडे बघून!

ती घरी आली, दाराला कडी लावली आणि नवऱ्याला म्हणाली, "कुणीतरी माझी जागा तयार करून ठेवलीय रे."

क्विरिन बस चालवतो, मूळचा ग्रूबर. लग्नात त्यानं बायकोचं आडनाव घेतलं, ते काकांच्या हट्टापायी. तेव्हापासून गाव त्याला 'नावजावई' म्हणतं. 'काय नावजावई, आज बस वेळेवर का?' असं. तो हसायचा, पण आतून जळायचा. म्हणून दोघांनी गुपचूप ठरवलं होतं, बाळ ग्रूबर होणार. बास. काकांना कोण सांगणार, एवढंच अडलेलं.

कारण काका म्हणजे, कसं सांगू! बुर्गी अकरा वर्षांची असताना तिचे बाबा गेले, आई आधीच गेलेली. काकांनी तिला वाढवलं. वेण्या घातल्या, पोहायला शिकवलं, ताप आला की रात्रभर पायाशी बसले. लग्न केलं नाही. चर्चची घंटा, दिवे, हाडघराची किल्ली, सगळं त्यांच्याकडे. आणि एकच वेड, आडनाव. दर नाताळला जेवायला बसण्याआधी ग्लास उचलून म्हणायचे, "यंदा इतके उरलो." लोक देवाचं नाव घेतात, हे आकडा घ्यायचे.

त्या सकाळीही ते आले, दरवर्षीसारखा वेणीचा गोड पाव घेऊन. धर्मपित्यानं लेकीला द्यायचा असतो ना तो. दारातच बुर्गीनं त्यांच्या गळ्यात पडून सगळं सांगितलं.

काकांच्या हातातून पाव खाली पडला.

३

पोलीस आले, म्हणजे एकटी ओटीली राइटर. जाडजूड, नाक सदा गळणारं, खिशात सॉसेजचा पाव. कुणी मेलेलं नसताना इन्स्पेक्टर कशाला, असं गावातली पुरुषमंडळी म्हणाली. ती म्हणाली, "कवटी आहे ना? मग कुणीतरी मेलंय." लोक हसले. बुर्गी मात्र नाही हसली.

ओटीलीनं कुणाला चौकीवर बोलावलं नाही. ती लोकांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायची आणि खायला मागायची.

पहिल्या गेर्लिंडे मावशी. लाकूडकामाच्या शाळेत रंगकाम शिकवायच्या, आता निवृत्त. कवट्यांवरचे उडालेले रंग त्याच भरतात, म्हणून हाडघराची दुसरी किल्ली त्यांच्या कार्यशाळेत खिळ्याला टांगलेली. उघड्यावर. कुणीही घ्यावी.

"मावशी, हे तुमचं काम?"

"माझं?" मावशी उसळल्या. "असली पानं मी दारू पिऊनसुद्धा काढणार नाही! बघ, डावीकडे किती दाट थापलीत, उजवीकडे विरळ. पण एक आहे. काढणाऱ्यानं जुन्या कवट्या आयुष्यभर पाहिल्यात. ही रोझमेरीची पानं आहेत."

"मग?"

"मग काय? नुसती सुपात घालायची पानं वाटली का तुला? लग्न झालेल्या बाईला गुलाब असतात, पुरुषाला ओकची पानं. रोझमेरी कुमारिकेला. न लग्न होता गेलेल्या पोरीला."

ओटीलीनं नाक पुसायचं थांबवलं. कोपऱ्यात बसलेल्या बुर्गीकडे बघितलं. बुर्गीच्या बोटात अंगठी.

मग क्विरिन. तो चिडूनच बोलला. "मला नाव नकोसं झालंय, बायको नाही! आणि रंगवायचं म्हणाल तर मला साधं कुंपण रंगवता येत नाही. काकांना विचारा. जुलैच्या पुरात त्यांची बोटशेड पडली, मी म्हटलं मी येतो मदतीला. तर मला हाकललं! एकट्यानं दगड उपसले, एकट्यानं बांधली. एकसष्टाव्या वर्षी!"

"काका, का हो?" ओटीलीनं त्यांच्या स्वयंपाकघरात बसून विचारलं.

"नावजावयाच्या हाताला कामाची सवय नाही," काका म्हणाले.

बुर्गीही बरोबर होती. एकटीनं घरी बसायची हिंमत होत नव्हती तिची. ओटीलीनं तेवढ्यात माडीवरच्या लाकडी सज्ज्याकडे जाणाऱ्या जिन्याकडे मान वळवली. "बाहेरून छान दिसतो हो सज्जा. दक्षिणेकडे तोंड. वर जाऊ का जरा?"

"नको," काका पटकन म्हणाले. "वर गांधीलमाशांचं पोळं आहे. ऑगस्टपासून मी बुर्गीलाही कपडे वाळत घालायला जाऊ देत नाही. चावल्या तर माणूस मरतं."

"अरे बापरे," ओटीली म्हणाली, आणि पावाचा तुकडा तोंडात टाकला.

बाहेर पडल्यावर तिनं बुर्गीला विचारलं, "काल सकाळी तुमच्या अंगणातल्या बादलीतलं पाणी गोठलं होतं का?"

"हो. का?"

ओटीलीनं मागे वळून सज्ज्याकडे बघितलं. आणि ते बघणं बुर्गीला अजिबात आवडलं नाही.

४

शेवटच्या डॉक्टरीणबाई. त्या खानावळीत सामान बांधत होत्या. घाबरल्या होत्या बिचाऱ्या. कवटी त्यांनी पहिल्यांदा पाहिली, म्हणून गावानं त्यांच्यावरच बोट ठेवलं होतं. 'बाहेरची बाई आली आणि आमचे मेलेले मोजू लागली.'

"मी फक्त मोजते हो," त्या म्हणाल्या. "आडनाव कुठून आलं, कुठे पसरलं, कुठे विझलं. विंटरगाडर म्हणजे काय ठाऊक आहे? गाडन म्हणजे एकखणी झोपडी. वर कड्यावर उन्हाळ्यात गुरं चारायला सगळे जायचे. हिवाळ्यात सगळे खाली यायचे. एक घर मात्र वरच राहायचं, मिठाच्या वाटेवर राखण करायला. बर्फात, एकटं. ते विंटरगाडर."

"काका म्हणतात आम्ही सरदार होतो," बुर्गी म्हणाली.

"सगळेच म्हणतात. तुम्ही मागे राहिलेली माणसं होतात."

बुर्गीच्या अंगावर काटा आला. कारण ती नेमकी तशीच वाटत होती स्वतःला. सगळे खाली निघून गेलेत आणि आपण एकटीच वर.

ओटीलीनं विचारलं, "आता किती आहेत?"

"गाव म्हणतं नऊ. सरकारी आकडा दहा. पण ती चूक आहे. मला जन्मतारखा देत नाहीत, नुसती नावं आणि गाव देतात. त्यात स्टाइनवांडची नोटबुर्गा दोनदा आलीय. म्हणजे ही एकच दोनदा मोजली गेली."

खाली कुणीतरी भांडी घासत होतं.

"डॉक्टरीणबाई," ओटीली म्हणाली, "आणि दोनदा मोजलेली नसेल तर?"

५

तिसऱ्या दिवशी दुपारी ओटीलीनं सगळ्यांना हाडघरातच बोलावलं. गेर्लिंडे मावशी, क्विरिन, डॉक्टरीणबाई, काका, बुर्गी. शेकडो पोकळ डोळे आपल्याकडे बघताहेत आणि मधे ती बया नाक ओढत उभी.

"तीन दिवस मला प्रत्येकानं एकच विचारलं," ती म्हणाली. "ही कवटी कुणासाठी आहे? कुणाला मारायचंय? अहो, कवटी काही दुकानात मिळत नाही. इथल्या बाकीच्या सगळ्या जागेवर आहेत. मग ही कवटी कुणाची, हे एकानं तरी विचारलं का?"

तिनं कवटी उचलून सगळ्यांसमोर धरली.

"धमकी द्यायला माणूस हाड आठवडेच्या आठवडे उन्हात ठेवत नाही. आणि कवटी ठेवलीच, तर मागच्या रांगेत लपवत नाही. दारात मांडतो. रंगवणाऱ्याला ही कुणाला दिसायलाच नको होती. डॉक्टरीणबाईंनी मोजलं नसतं तर दिसलीही नसती. आणि लग्न झालेल्या बुर्गीला तो रोझमेरी कशाला घालेल? ही दुसरी नोटबुर्गा आहे. न लग्न होता गेलेली. सरकारदरबारी अजून जिवंत, कारण तिचं मरण कुणी सांगितलंच नाही. मावशी, या गावात दुसरी बुर्गी कोण होती?"

"विंटरगाडरांत कुणी नव्हती बाई," मावशी म्हणाल्या. "बुर्गी म्हणशील तर एक आमच्या वयाची होती, पण ती लेनर. पलीकडच्या काठावरची. लेनर-बुर्गी. काय पोहायची! आमचे पाय भिजायच्या आत ती पलीकडे पोचलेली असायची. पुढे कॅनडाला गेली ती."

"जन्मली कुठे?"

मावशी बोलायला लागल्या आणि मधेच थांबल्या. हात तोंडावर गेला. "अगं आई! जन्मली यांच्याच घरात. कोर्बिनियानची धाकटी बहीण ती. दोन वर्षांची असताना लेनरांकडे दिली, त्यांना मूलबाळ नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं! पण लेनरांच्या घरात राहते ती लेनर. आडनाव कोण बघतं आमच्यात?"

हे बघ, हे तुला शहरात कळणार नाही. आमच्याकडे माणसाला घराच्या नावानं ओळखतात. ज्याच्या चुलीवर जेवलास त्याचा तू. आडनाव फक्त कागदावर आणि कवटीवर. त्यामुळे अख्खं गाव नोटबुर्गा विंटरगाडरला बावीस वर्षं रोज बघत होतं आणि ती विंटरगाडर आहे हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

बुर्गीला मात्र वेगळंच कळलं. बाबांना एक बहीण होती. आणि बाबांनी मुलीला तिचं नाव दिलं, एक शब्द न बोलता.

"काका," ओटीली हळूच म्हणाली, "गोठवणाऱ्या थंडीत कसल्या गांधीलमाशा हो? सज्ज्यात हिलाच उन्हात ठेवलं होतं ना?"

काकांनी टोपी काढली. बाकावर बसले.

"बोटीतून पडली," ते म्हणाले. "मीच वल्हवत होतो. बुडाली. काढली तोवर संपली होती. लोक म्हणतील मी मारली, म्हणून बोटशेडखाली पुरली. कॅनडाची गोष्ट ती स्वतःच सगळ्यांना सांगायची, जाईन म्हणून. मला काही करावंच लागलं नाही. मग जुलैत पूर आला, जमीन उघडी पडली." त्यांनी कवटीकडे बघितलं. "मला वसंत ऋतूपलीकडे नाही काढता येणार, डॉक्टरांनी सांगितलंय. म्हटलं, जाण्याआधी हिला हिच्या माणसांत ठेवावं. बुर्गे, तू घाबरशील असं मनातही आलं नाही गं."

बुर्गी रडत त्यांच्या पायाशी बसली. तीन दिवसांची भीती एकदम वितळली. भूत नव्हतं, खुनी नव्हता. नुसता काका होता.

ओटीलीनं कवटी कापडात गुंडाळली. "डावीकडे तडा आहे, पानांखाली. इथल्या डॉक्टरांना दाखवलं. म्हणाले, दगड पडूनही होतो, मारूनही होतो, इतक्या वर्षांनी सांगता येणार नाही." मग बुर्गीला बाजूला घेऊन म्हणाली, "अपघात असेल तर खटला भरायची मुदत केव्हाच संपली. म्हातारा घरच्या बिछान्यात मरेल. पण खून असेल, तर त्याला मुदत नसते. मला कळायलाच हवं."

६

आता सगळ्यात वाईट भाग. अजून मधे बोलू नकोस.

संध्याकाळ व्हायच्या आधी काका म्हणाले, "चल, पलीकडच्या काठावर तिच्यासाठी मेणबत्ती लावून येऊ." तू गेली असतीस ना? बुर्गीपण गेली. मांडीवर तो वेणीचा पाव, काकांनी झटकून पुन्हा दिलेला.

धुकं असं की बोटीचं टोक दिसत नव्हतं. वल्हं पाण्यात जायचं, बाहेर यायचं. मधोमध आल्यावर काका थांबले.

"गेर्लिंडे म्हणत होती, तू कॉफी सोडलीस. खरं का?"

बुर्गी लाजली. "हो काका."

काकांचा चेहरा असा उजळला, की तिला नाताळचा ग्लास आठवला. "म्हणजे दहा! आपण खरोखरचे दहा होणार, पोरी!"

तिला वाटलं, आत्ताच सांगून टाकावं. बाळ ग्रूबर होणार म्हणून. आता लपवाछपवी संपलीये, काका रडलेत, मऊ झालेत. तिनं तोंड उघडलं.

"ती पण इथेच बसली होती," काका म्हणाले. ते तिच्याकडे बघत नव्हते, पाण्याकडे बघत होते. "तू बसलीस तिथेच. तिला दत्तक जायचं होतं, कागदावर. म्हणाली, सोमवारी सही करते, म्हणजे शेत माझं, आणि मग मी खरीखुरी लेनर. हसत म्हणाली गं. शर्ट बदलावा तसं. तिला लहानपणी दिली तेव्हा मी आईला विचारलं होतं, नाव तर आपलंच राहील ना? आई म्हणाली, राहील." ते थांबले. "तिनं तसं म्हणायला नको होतं. वल्हं माझ्या हातातच होतं."

बुर्गीच्या कानात मावशींचा आवाज आला. आमचे पाय भिजायच्या आत ती पलीकडे पोचलेली असायची.

ती बुडणार नव्हती. ती बुडूच शकत नव्हती. डावीकडे दाट पानं, तडा झाकायला. बुर्गी समोर बसलेली, आणि काकांचा उजवा हात वल्ह्यावर. समोरच्याच्या डाव्या बाजूला लागेल असा. हाच हात तिच्या वेण्या घालायचा.

तळ्याचं पाणी बोटीला चाटत होतं. काठ कुठेच नव्हता.

काकांनी मान वर केली. "बाळाचं आडनाव काय लावणार?"

अगदी प्रेमानं विचारलं त्यांनी. शपथ! तेच तर भयंकर होतं.

बुर्गीच्या जिभेवर ग्रूबर होतं. दातांपर्यंत आलेलं. तिनं पावाची वेणी इतकी घट्ट दाबली की ती मोडली.

"विंटरगाडर, काका," ती म्हणाली. "दुसरं काय लावणार?"

काका हसले. वल्हं उचललं. एक क्षण ते हवेतच राहिलं, पाणी टपकत. मग ते पाण्यात गेलं.

मेणबत्ती लावली की नाही, परत कशी आली, तिला आठवत नाही. धक्क्यावर ओटीली उभी होती, कॉलर वर करून. मागे क्विरिन, बसचा गणवेश अजून अंगावर. तो धावला, तिला उचलूनच घेतलं त्यानं. काका पाठमोरे वाकून दोर बांधत होते.

ओटीलीनं खालच्या आवाजात विचारलं, "बोटीत काही बोलले का?"

काकांचे हात दोरावर थांबले. वळले नाहीत ते. नुसते थांबले. त्या वाकलेल्या पाठीकडे बघताना बुर्गीला तापातल्या रात्री दिसल्या, आणि त्याच वेळी बावीस वर्षांची एक हसणारी पोरगी दिसली, तिच्याच नावाची, जिला कुणीच कधी शोधलं नाही. म्हाताऱ्याकडे उरलाय तो एक हिवाळा. त्या पोरीच्या बाजूनं बोलायला दुसरं कुणीच नाही. आणि पोटात तो दहावा, ज्याचं नाव ती आत्ताच खोटं सांगून आलीये.

ओटीली वाट बघत होती. नाकसुद्धा पुसत नव्हती.

आता बोल. तू असतीस त्या धक्क्यावर, तर काय सांगितलं असतंस?